कन्व्हेयन्स न झालेला फोन

२०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून लग्नाचं आमंत्रण आलं. सोबतची फाइल दिसायला पीडीएफ, असायला एपीके. म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल. ती उघडल्यावर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. लग्नपत्रिका हा एक अवतार झाला. आरटीओचं चलन, पीएम किसानचा हप्ता, बँकेची केवायसी, थकलेलं वीजबिल, ज्या नावाने माणूस घाबरेल किंवा हुरळेल त्या नावाची एपीके गावोगावच्या ग्रुपवर फिरते आहे. पोलीस सांगतात, अनोळखी एपीके उघडू नका; फसलात तर लगेच १९३० ला फोन करा.

फोनच्या मालकाला हवं ते ॲप, कुणी मान्यता दिलेली असो वा नसो, बसवता आलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. त्या म्हणण्याच्या विरोधातला सगळ्यात जड पुरावा वर दिला आहे. तो हलका करून सांगण्यात अर्थ नाही. गेलेले पैसे खरे आहेत, आणि ते ज्या दारातून गेले तेच दार उघडं ठेवा असं मी म्हणतो आहे.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला गूगलने या दाराबद्दल आपला निर्णय जाहीर केला. आज अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप घेता येतं. फोन इशारा देतो, आपण सेटिंगमध्ये जाऊन परवानगी देतो, ॲप बसतं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ब्राउझर, व्हॉट्सॲप, फाइल मॅनेजर अशी एकेकाला वेगळी द्यावी लागते. नव्या योजनेत ॲप करणाऱ्याने आधी गूगलकडे नाव नोंदवायचं. खरं नाव, पत्ता, फोन, ओळखपत्र, शिवाय ॲपची डिजिटल सही. ज्याची नोंद नाही त्याचं ॲप गूगल-प्रमाणित फोनवर बसणार नाही, मग ते कुठूनही घेतलेलं असो. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे जवळपास सगळे अँड्रॉइड फोन प्रमाणितच असतात. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बाकीचं जग, असं वेळापत्रकही दिलं गेलं.

गूगलचा युक्तिवाद दोन गोष्टींवर उभा आहे. एक आकडा: इंटरनेटवरून थेट घेतलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअरपेक्षा पन्नास पटीहून जास्त घातक ॲप सापडतात. आणि एक उपमा: विमानतळावर प्रवाशाचं ओळखपत्र बघतात, तसं हे आहे, बॅगेत काय आहे ते आम्ही तपासत नाही.

आकड्याशी माझं भांडण नाही. एवढंच की 'इंटरनेटवरून थेट' या एका पोत्यात लग्नपत्रिकेची एपीकेही येते आणि एफ-ड्रॉइडसारखा संग्रहही येतो. हा संग्रह २०१० पासून चालू आहे. तिथली ॲप्स मुक्त सोर्सची, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेली असतात, संग्रह चालवणारे स्वयंसेवक मूळ कोड घेऊन ती स्वतः बांधतात, आणि एखाद्या ॲपमध्ये पाळत ठेवणारा भाग असेल तर तसं स्पष्ट लिहून ठेवतात. तिथे खातं लागत नाही, जाहिरात नसते. गूगलची घोषणा झाल्यावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने ओरडले ते हेच लोक, कारण शेकडो अनोळखी हौशी लेखकांनी लिहिलेल्या ॲपची नोंद गूगलकडे करवून घेणं त्यांना शक्य नाही आणि दुसऱ्याचं ॲप आपल्या नावावर नोंदवणं त्यांना पटत नाही.

उपमा मात्र मला फसवी वाटते. जी टोळी चार हजार रुपये महिन्यावर कॉलेजच्या पोराचं बँक खातं भाड्याने घेते, दुसऱ्याच्या आधारवर सिम काढते, ती त्याच पोराचं ओळखपत्र गूगलकडे नोंदवायला कितीसा वेळ घेईल? आपल्याकडे बँक खात्याला केवायसी आहे, सिमला केवायसी आहे, आणि तरीही सायबर फसवणुकीचा सगळा धंदा केवायसी झालेल्या खात्यांतून आणि सिममधूनच चालतो. ओळखपत्राने चोर अडत नाही, त्याचा खर्च थोडा वाढतो. अडतो तो प्रामाणिक माणूस, ज्याला आपलं ओळखपत्र परदेशी कंपनीला द्यायचं नाही किंवा देण्याची भीती वाटते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने थोडी माघार घेतली. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मोजक्या फोनपुरतं वेगळं खातं, आणि जाणकार वापरणाऱ्यांसाठी इशारे-सूचना पार करून नोंद नसलेलं ॲप बसवण्याचा एक खास मार्ग ठेवू, असं सांगितलं. ओरड झाली म्हणून हे झालं, हे विसरू नये. पण तो मार्ग किती अरुंद असेल, उद्या तो राहील की नाही, हे तीच कंपनी ठरवणार.

आता मान्यताप्राप्त दुकानाकडे वळू, कारण त्याच्या सुरक्षिततेवर सगळी भिस्त आहे.

कोविडच्या काळात महाराष्ट्रातल्या लाखो घरांतला पगार थांबला तेव्हा 'पाच मिनिटांत कर्ज' देणारी ॲप्स आली. तीन हजारांचं कर्ज, हातात दोन हजार, सात दिवसांत परतफेड. ॲप बसवतानाच फोनबुक, फोटो, एसएमएस सगळ्यांची परवानगी घेतलेली. हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन, ऑफिसातल्या साहेबाला फोन, कर्ज घेणाऱ्याचा किंवा त्याच्या बायकोचा चेहरा चिकटवलेले अश्लील फोटो सगळ्या फोनबुकात. देशभर यातून आत्महत्या झाल्या. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात भारतीय अँड्रॉइड वापरणाऱ्यांना मिळणारी सुमारे १,१०० कर्ज-ॲप्स मोजली, त्यांतली ६०० बेकायदा निघाली. आणि ही सगळी काही अंधाऱ्या बोळातून आलेली एपीके नव्हती. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने प्ले स्टोअरवरून २,५०० हून अधिक कर्ज-ॲप्स काढली, आणि सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी २,२०० हून अधिक. काढली, म्हणजे त्याआधी ती तिथे होती. माणसांनी ती ज्या विश्वासाने घेतली तो विश्वास त्या दुकानाच्या नावावर होता.

फसवणुकीतलं आणखी एक नेहमीचं हत्यार म्हणजे दुरून फोन चालवू देणारी ॲप्स. एनीडेस्कबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. ते ॲप अस्सल आहे, उपयोगी आहे, प्ले स्टोअरवर आहे. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये तर कुठलंच ॲप बसवावं लागत नाही. नुसता व्हिडिओ कॉल पुरतो.

कर्ज-ॲप्सचा त्रास पुढे कमी झाला तो कशाने, ते बघण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले, त्यांत कर्ज-ॲपने फोनबुक, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही असं सांगितलं. गूगलने आपल्या धोरणात तोच बदल केला, तो ३१ मे २०२३ पासून लागू झाला. छळाचं हत्यारच काढून घेतलं गेलं. ॲप कोणी लिहिलं, कुठून आलं, यापेक्षा ते फोनमध्ये काय करू शकतं यावर बोट ठेवलं तेव्हा फरक पडला. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

त्याआधी एक विचारायला हवं: लोक प्ले स्टोअर सोडून बाहेरून ॲप घेतातच का? आपल्याकडच्या चर्चेत यावर दोनच उत्तरं असतात, एक तर तो भोळा आहे किंवा त्याला फुकटात सिनेमे बघायचे आहेत. खरा इतिहास वेगळा आहे. २०१६ मध्ये जिओ येईपर्यंत डेटा महाग होता, तेव्हा खेड्यात ॲप्स हातोहात पसरली. एसटी स्टँडवर बसून शेअरइट किंवा झेंडरने एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये. मोबाईलच्या दुकानातला पोरगा नवा फोन विकताना वीस ॲप्स टाकूनच द्यायचा. (ही दोन्ही ॲप्स जून २०२० च्या बंदीत टिकटॉकबरोबर गेली.) मग आलं ड्रीम ११. मुंबईची कंपनी, पैशाचे खेळ गूगलच्या धोरणात बसत नसल्याने तिचं अँड्रॉइड ॲप बरीच वर्षं प्ले स्टोअरवर नव्हतं. संकेतस्थळावर जा, एपीके उतरवा, सेटिंगमध्ये 'अनोळखी स्रोत' चालू करा. २०२० च्या आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्व त्याच कंपनीकडे होतं, म्हणजे प्ले स्टोअरवर नसलेल्या ॲपचं नाव रोज संध्याकाळी घराघरांत झळकत होतं. एपीके बसवायला या देशाला क्रिकेटने शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशाचे खेळ बंद झाले ते वेगळं, आणि त्याबद्दल मला दुःखही नाही. पण ते थांबवलं संसदेने, कायदा करून. कुणाला तो कायदा चुकीचा वाटला तर न्यायालय आहे.

फोनपेचं इंडस ॲपस्टोअर घ्या. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, मराठीसह बारा भारतीय भाषांत. त्याचं मूळ मुंबईतल्या, आयआयटीच्या पोरांनी उभ्या केलेल्या इंडस ओएसमध्ये आहे. ज्या बाईला इंग्रजी वाचता येत नाही तिला मराठीतून ॲप शोधता यावं, हा उद्देश. प्ले स्टोअरवर दुसरं दुकान ठेवता येत नाही, त्यामुळे फोनमध्ये ते आधीपासून नसेल तर एपीकेच उतरवावी लागते, आणि फोन लाल अक्षरांत नाही तरी भीती वाटेल अशा शब्दांत हटकतो. तीच गत सी-डॅकच्या, म्हणजे भारत सरकारच्याच, 'मोबाइल सेवा ॲपस्टोअर'ची. सरकारी खात्यांची ॲप्स ठेवणारं सरकारी दुकान अँड्रॉइडच्या लेखी अनोळखी स्रोत ठरतं. उद्या महाराष्ट्र शासनाला आपलं ॲप आपल्याच संकेतस्थळावरून आपल्याच शेतकऱ्याला द्यायचं झालं, तरी आधी कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या वहीत नोंद करावी लागणार.

ती वही एकाच कंपनीच्या हातात असली की काय होतं याचे दाखले आपल्याकडे पुरेसे आहेत. १८ सप्टेंबर २०२० ला पेटीएम काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून गायब झालं. क्रिकेटच्या स्टिकरवर कॅशबॅक देणारी योजना जुगाराच्या धोरणात बसत नाही, असं कारण होतं. त्याच वेळी गूगलचं स्वतःचं पैसे पाठवणारं ॲप त्याच दुकानात, त्याच धंद्यात. १ मार्च २०२४ ला शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी, नोकरी, ९९एकर्स अशी नावाजलेली ॲप्स काढली गेली. वाद होता ११ ते २६ टक्के सेवाशुल्काचा. काही दिवसांत केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं आणि ती परत आली. ज्यांच्यासाठी मंत्री फोन उचलतात त्यांचं ठीक आहे. सोलापुरातल्या दोन मुलांनी केलेल्या ॲपसाठी कोण लक्ष घालणार?

भारतीय स्पर्धा आयोगाने हे ओळखलं होतं. २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड तर ठोठावलाच, शिवाय ॲप करणाऱ्यांना थेट वापरणाऱ्यापर्यंत ॲप पोचवण्यापासून कोणत्याही प्रकारे अडवू नका आणि प्ले स्टोअरवर दुसरी दुकानं येऊ द्या, असंही स्पष्ट बजावलं. कंपनी अपिलात गेली. २९ मार्च २०२३ ला राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. त्यांत हे दोन्ही होते. दंडाची रक्कम अशा कंपनीला किरकोळ असते. जे टोचलं असतं तेच नेमकं गळलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पेपरांत बातमी आली ती 'दंड कायम' अशी, आणि आपण सगळे खूश.

आयफोनची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे दार पहिल्यापासून बंदच आहे. युरोपीय महासंघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसरी दुकानं आली, जपानमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये. पण तिथेही प्रत्येक ॲप आधी ॲपलच्या हाताखालून जातं. पुण्यातल्या आयफोनवाल्याला स्वतः लिहिलेलं ॲप स्वतःच्याच फोनवर ठेवायचं तर फुकटच्या खात्यावर ते सात दिवसांनी बंद पडतं. त्यापुढे वर्षाला ९९ डॉलर. लाख रुपयांच्या वस्तूत स्वतःची वस्तू ठेवायला भाडं.

कंपनीच्या हातात किल्ली असली की सरकारांनाही ती सोयीची वाटू लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात पोलीस कुठे आहेत ते दाखवणारं एचकेमॅप ॲपलने काढलं. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियात निवडणुकीच्या दिवशी विरोधी नेते नवाल्नी यांच्या गटाचं मतदानाचं ॲप ॲपल आणि गूगल दोघांनी काढलं. हुकूमशाही देशांत हे व्हायचंच, असं म्हणून सोडून देऊ नका: ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेत, तिथल्या ॲटर्नी जनरलच्या दबावानंतर, इमिग्रेशन अधिकाऱ्यांच्या हालचाली नोंदवणारं आइसब्लॉक ॲपलने हटवलं. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीपासून होतं त्यांच्याकडे राहिलं, नव्याने कुणाला घेता येईना. सरकारला आता लाखो माणसांच्या दारावर जावं लागत नाही. एका कंपनीला पत्र पुरतं.

आपल्याकडे या गोष्टीची दुसरी बाजू दिसली. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना कळवलं की 'संचार साथी' हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाका आणि त्यातलं काही बंद करता येणार नाही असं बघा. हेतू फसवणूक रोखण्याचाच. ओरड झाली, मंत्री म्हणाले काढून टाकता येईल, आणि ३ डिसेंबरला आदेश मागे घेतला गेला. नको ते ॲप काढता येणं आणि हवं ते बसवता येणं हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत. संचार साथीवर रागावलेले अनेक जण गूगलच्या नोंदणीवर 'सुरक्षेसाठी आहे ना' म्हणत गप्प बसले, याचं मला नवल वाटतं. परदेशी कंपनीवर आपला असा कोणता भरवसा आहे?

मालकीचा मुद्दा महाराष्ट्रातल्या फ्लॅटधारकाला वेगळा समजावून सांगायला नको. फ्लॅटचे पूर्ण पैसे दिले, स्टँप ड्यूटी भरली, सोसायटी झाली, पाटी लागली. आणि वीस वर्षांनी कळतं की जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करणं, बिल्डरने केलेलंच नाही. गच्चीवर टॉवर कोणाचा लागणार, उरलेला एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, कोणाचा, हे तो ठरवणार. यासाठी २००८ मध्ये मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या कायद्यात दुरुस्ती करून 'डीम्ड कन्व्हेयन्स' आणावं लागलं: बिल्डर येत नसेल तर त्याच्याशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर. फोनचं आज तेच आहे. बिल पूर्ण भरलं, जीएसटी भरला, ईएमआय फिटला. ताबा मिळाला, मालकी अर्धवट.

आणि हा वाद फक्त मोठ्या कंपन्यांचा आणि आंदोलकांचा आहे असं समजू नये. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या आईवडिलांत एक्सड्रिप हे ॲप माहितीचं आहे. दंडावर लावलेल्या सेन्सरमधून साखरेचे आकडे घेऊन ते फोनवर आलेख काढतं, रात्री साखर घसरली तर गजर करतं, दुसऱ्या खोलीतल्या आईच्या फोनवरही आकडे पाठवतं. प्ले स्टोअरवर ते नाही. सेन्सर कंपन्यांची अधिकृत ॲप्स जे देत नव्हती ते रुग्णांनी आणि त्यांच्या पालकांनी स्वतः लिहून घेतलं आणि फुकट वाटलं. जगभर त्यांची चळवळच आहे. अँड्रॉइडएपीएस तर त्याहून पुढचं: सेन्सर बघून इन्सुलिन पंपाला सूचना देणारं. त्याची तयार फाइल वाटलीच जात नाही, ज्याने त्याने ते आपल्या संगणकावर बांधायचं, म्हणजे आपण काय करतो आहोत ते कळूनच करायचं. स्वतः बांधून तारेने फोनमध्ये घालण्याची वाट गूगल खुली ठेवणार आहे, हे मान्य. पण एक्सड्रिपसारख्या वाटल्या जाणाऱ्या ॲपला कुणीतरी एकाने ओळखपत्रासह उभं राहावं लागेल. मग वैद्यकीय नियामकाची नोटीस त्याच्याच नावाने, कंपनीचा वकीलही त्याच्याच दारात. हौसेने, सेवेने काम करणारा माणूस अशा वेळी काय करेल? तो थांबेल. त्याला चोर ठरवावं लागणार नाही, नोंदवहीत नाव लिहायला सांगितलं तरी पुरेल.

बरं, मग हिंगोलीसारख्या प्रकाराचं काय करायचं?

ही एपीके पैसे नेते कशी ते बघू. आत गेल्यावर ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी टोळीला दिसतो. नोटिफिकेशन वाचायची परवानगी मिळाली तर तेही. आणि ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे मुळात दृष्टिहीनांना फोन वापरता यावा म्हणून दिलेली सोय, ती हाती लागली तर ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबतं. चोरी होते ती या तीन-चार परवानग्यांतून. गूगललाही हे माहीत आहे. २०२४ मध्ये आधी सिंगापुरात आणि मग भारतात प्ले प्रोटेक्टने, म्हणजे फोनमधल्या गूगलच्या ॲप-तपासनीसाने, असा प्रयोग सुरू केला की ब्राउझर किंवा मेसेजिंग ॲपमधून आलेली एपीके या परवानग्या वापरत असेल तर ती बसूच द्यायची नाही. हा उपाय मला पटतो. किशोरवयीन पोराने लिहिलेल्या अभंगांच्या ॲपला एसएमएस लागत नाही. लग्नपत्रिकेला तर नाहीच. ज्याला खरंच लागतो, त्याने लांबची वाट घ्यावी. एक दिवस थांबायला लावा, फोन बंद करून पुन्हा चालू करायला लावा, बँकेची ॲप्स तेवढा वेळ गोठवा. फसवणारा माणूस फोनवर घाई करत असतो. चोवीस तास थांबावं लागलं की त्याची पकड सुटते, तोवर घरात कुणीतरी विचारतंच.

ज्याला हे दारच नको आहे, त्याला ते आतून लावता येतं. सॅमसंगच्या फोनमध्ये 'ऑटो ब्लॉकर' आहे, अँड्रॉइड १६ मध्ये 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन' आहे. चालू केलं की बाहेरचं ॲप बसत नाही. आपल्या आईच्या फोनवर ते आजच चालू करून द्यावं, मी तर म्हणेन नव्या फोनवर ते चालू स्थितीतच यावं. ते बंद करण्याचा हक्क मात्र फोन विकत घेणाऱ्याकडे राहिला पाहिजे.

आणि बँका? एसएमएसने येणारा ओटीपी ही या सगळ्यातली सगळ्यात मऊ जागा आहे, हे वर्षानुवर्षं माहीत असून ती तशीच राहिली, कारण नुकसान बँकेचं होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेची चूक असेल, किंवा चूक तिसरीकडची असून ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. एपीके उघडली, हा निष्काळजीपणा, फाइल बंद. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ओळख पटवण्याचे नवे निर्देश दिले, १ एप्रिल २०२६ पासून लागू. ओटीपीखेरीज दुसऱ्या पद्धतींना त्यांत वाव आहे, आणि निर्देश न पाळल्यामुळे नुकसान झालं तर बँकेने ते पूर्ण भरून द्यायचं आहे. एसएमएस ओटीपीवर बंदी मात्र नाही. ती घालायला हवी होती, निदान नव्या फोनवरून पहिल्यांदा जाणाऱ्या मोठ्या रकमेसाठी तरी. ओटीपी चोरून काही मिळेनासं झालं की लग्नपत्रिका पाठवण्यात कुणाला रस उरेल?

यातून फसणारे शून्यावर येतील असा माझा दावा नाही. नोंदणीनेही ते येणार नाहीत, प्ले स्टोअर असूनही आले नाहीत. प्रश्न असा आहे की उरलेला धोका कमी करण्याच्या बदल्यात काय द्यायचं. परवानग्या आवळल्या तर आपण थोडी गैरसोय देतो. नोंदवही मान्य केली तर या देशात कोणता प्रोग्राम कोणाच्या फोनवर चालेल हे ठरवण्याचा अधिकार देतो, आणि तो परत मागायला आपल्याकडे निवडणूकही नाही, माहिती अधिकाराचा अर्जही नाही.

दिल्लीत यावर एक कागद तयार आहे. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्या डिजिटल कंपन्यांनी वापरणाऱ्याला त्रयस्थांची ॲप्स उतरवण्यापासून आणि बसवण्यापासून अडवू नये असं कलम होतं. विधेयकात बाकी बरंच वादाचं होतं, उद्योगांच्या संघटनांनी हरकती घेतल्या, आणि मसुदा मागे पडला. ते एक कलम सोडवून वेगळं आणता येईल. भारतात नोंदणी लागू होण्याआधी ते झालं तर उरलेल्या विधेयकावर भांडायला पुढची पाच वर्षं आहेत.